माउसचा बाण रंगीत होऊ शकत होता

मा. संपादक, स. न.

डॉस या विंडोजआधीच्या पीसी ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातल्या ग्राफिक्सबद्दल लिहिताना ‘तेव्हा माउसचा बाण काळा-पांढराच असायचा’ असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मर्यादा ड्रायव्हरच्या, म्हणजे माउस चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, बाणाला होती, पडद्याला नव्हे. ड्रायव्हरला काम सांगायचं ते इंटरप्ट ३३एच या हाकेने. तिच्या फंक्शन ९ ला, म्हणजे बाणाचा आकार ठरवणाऱ्या कामाला, ६४ बाइट द्यायचे, म्हणजे १६ × १६ ठिपक्यांचे दोन मास्क (बिटांचे साचे). पडद्यावरच्या ठिपक्याशी पहिल्याचा अँड होतो (दोन्ही बिट १ असतील तरच १), दुसऱ्याचा एक्सॉर (बिट वेगळे असतील तरच १). ठिपक्यामागे दोनच बिट, त्यामुळे काळा, पांढरा, पारदर्शक आणि उलटा, एवढंच जमतं.

रंग हवेत तर बाण आपणच काढायचा. मोड १३एच या ग्राफिक्स मोडमध्ये, म्हणजे ३२० × २०० ठिपके आणि २५६ रंगांत, एका ठिपक्याला एक बाइट लागतो. बाणाच्या चित्राला २५६ बाइट आणि त्याखालची पार्श्वभूमी जपायला तेवढेच. फंक्शन २ ने ड्रायव्हरचा बाण लपवा, फंक्शन ३ ने जागा विचारा. आडवा आकडा ० ते ६३९ असा येतो, तो निम्मा करा.

खरी गोम क्रमात आहे. आधी जुनी पार्श्वभूमी परत ठेवायची, मग नव्या जागेची उचलायची, शेवटी चित्र काढायचं, रंग ० चे, म्हणजे पारदर्शक धरलेले, ठिपके वगळून. नवी पार्श्वभूमी आधी उचलली तर तिच्यात जुन्या बाणाचा तुकडा येतो आणि बाणामागे शेपूट उमटत जातं. बाणाखाली काही रंगवायचं असेल तेव्हाही आधी बाण पडद्यावरून पुसून घ्यावा. नाहीतर जपून ठेवलेली शिळी पार्श्वभूमी नव्या चित्रावर चिकटते.

चित्राची डावी कड ३०४ च्या पुढे गेली की उरलेले ठिपके खालच्या ओळीत, पडद्याच्या डाव्या टोकाला उगवतात, कारण मेमरीत ओळी सलग असतात. म्हणून कडेला चित्र कापायलाच हवं. लुकलुक थांबवायला ग्राफिक्स कार्डाच्या पोर्ट ३डीएएचचा बिट ३ चालू होईपर्यंत, म्हणजे पडदा एकदा पूर्ण रंगवून होईपर्यंत, थांबून मगच काढावं.

फंक्शन १२ ने स्वतःचा हँडलर, म्हणजे माउस हलताच ड्रायव्हरने बोलवायचा आपला कोड, बसवणाऱ्यांनी त्यात शिरताच डीएस (डेटा कुठे आहे ते सांगणारं प्रोसेसरचं रजिस्टर) आपल्या डेटाकडे वळवावा, कारण तिथे तो ड्रायव्हरच्या डेटाकडे असतो. परतताना फार रिटर्नच, म्हणजे मेमरीच्या दुसऱ्या भागात (सेगमेंटमध्ये) परतणारी सूचनाच, हवी. प्रोग्राम संपण्याआधी कोणत्या घटनांना हाक द्यायची ते सांगणारा मास्क शून्य देऊन हँडलर काढून टाकावा. नाहीतर माउस हलताच ड्रायव्हर मोकळ्या झालेल्या मेमरीत उडी घेतो आणि मशीन जागच्या जागी गोठतं.

आपला,
एक वाचक