विदिशेच्या ऑटोवाल्या भैयांना

भैया, सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, त्यामुळे तुमच्यापर्यंत ते मला फोनवर हिंदीतच पोचवावं लागेल. ते मी करणारच आहे. पण आधी ते अण्णांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचंय, आणि ग्वाल्हेरच्या, इंदूरच्या आपल्या मंडळींनीही वाचावं अशी माझी फार इच्छा आहे. घरात ज्यांच्या म्हातारं माणूस आहे त्यांनी तर वाचावंच.

तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ केलंत. अण्णांना हात धरून पायऱ्या चढवल्यात, ऊन लागतंय म्हणून ऑटो फिरवून सावलीत लावलीत, चहावाल्याला साखर कमी घालायला स्वतःहून सांगितलंत. त्या सगळ्याचे आभार आहेतच. पण मी लिहायला बसले ती एका छोट्या गोष्टीसाठी. उदयगिरीच्या लेण्यांत वराहाच्या, म्हणजे विष्णूच्या वराह अवताराच्या, शिल्पासमोर पोचल्यावर तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. अण्णांकडे वळलात आणि विचारलंत, "बाबूजी, बताइए, क्या-क्या देखूँ?"

अण्णांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू नेली, आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. आणि नजर गेल्यापासून एक गोष्ट मी रोज बघते. लोक त्यांच्याशी बोलतच नाहीत, माझ्याशी बोलतात. "यांना चहा चालतो का?" "यांची सही होते का?" दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे तेच. अण्णा शेजारी उभे असतात, त्यांचे कान शाबूत असतात, डोकं तर माझ्यापेक्षा तल्लख आहे. तरी प्रश्न मला. कुणी चुकून त्यांच्याशी बोललंच तर बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडून.

आदल्या दिवशी काय झालं ते तुम्हाला मी अर्धंच सांगितलं होतं. सहल ज्या कंपनीकडून ठरवली होती तिचं नाव मी लिहीत नाही, पण त्यांच्या माणसाचं वाक्य लिहिणार आहे. सांचीला गाडी थांबली तेव्हा तो मला, अण्णांच्या देखत, म्हणाला, "अंकल को गाड़ी में ही रहने दीजिए, उनको वैसे भी क्या दिखेगा." मी भांडले. अण्णांनीच मला थांबवलं, "तू जाऊन ये, मी बसतो." मग तो माणूस माझ्यापुढे पाठ केलेलं म्हणत गेला, 1818मध्ये जनरल टेलरला हा स्तूप दिसला, 1989मध्ये जागतिक वारसा झाला, इथे उभं राहून फोटो छान येतो. माझं लक्ष खाली, बंद काचांच्या गाडीत. ज्या माणसाने शेकडो मुलांना हा स्तूप फळ्यावर काढून शिकवला, तो माणूस त्या गाडीत बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आलीच नाही आणि फोनही कुणी उचलला नाही. त्याचा मला आता रागही नाही. त्या वाक्याचा मात्र आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही.

नंतर तुम्ही भेटलात.

तुम्ही आधी आम्हाला बेसनगरला नेलंत, खाम बाबाकडे. तुमच्या आजी नवस फेडायला तुम्हाला इथे आणायच्या, हे तुम्ही वाटेत सांगितलंत, तेव्हा अण्णा पहिल्यांदा खुलले. त्यांनी तुम्हाला सांगितलं की तुमचे खाम बाबा म्हणजे तक्षशिलेहून आलेल्या एका यवनाने, हेलिओडोरसने, उभारलेला गरुडध्वज. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. ग्रीक राजा अंतलिकितचा हा दूत इथल्या भागभद्र राजाच्या दरबारी आला आणि स्वतःला भागवत, म्हणजे विष्णुभक्त, म्हणवून त्याने वासुदेवासाठी खांब उभा केला. 1877मध्ये पुरातत्त्ववेत्ता कनिंगहॅम इथे येऊन गेला, पण शेंदराच्या पुटाखालचा लेख त्याला दिसला नाही. तो उजेडात आला 1909 च्या सुमारास, आपल्या ग्वाल्हेर संस्थानच्या काळात. विदिशेचा हा मुलूख तेव्हा शिंद्यांच्या राज्यात होता. तुम्ही मान वर करून पाहिलंत आणि म्हणालात, "पर ऊपर तो कुछ नहीं है, बाबूजी." अण्णा म्हणाले, गरुड होता, आता नाही. इथलेच काही दगड आमच्या ग्वाल्हेरच्या गुजरी महालातल्या संग्रहालयात आहेत, ताडाच्या पानांचं एक शीर्षही आहे.

त्या लेखाच्या शेवटी तीन अमृतपदं सांगितली आहेत. दम, त्याग आणि अप्रमाद. नीट पाळली तर स्वर्गाला नेतात म्हणे. अण्णा म्हणाले, अप्रमादाला, म्हणजे जागं आणि सावध राहण्याला, अमृतपद म्हणणं धम्मपदातही आहे. विष्णूचा भक्त आणि बुद्धाचे भिक्षू एकमेकांपासून दहा-बारा किलोमीटरवर राहून एकच गोष्ट सांगत होते. त्या दिवशी मला ती तुमच्यात दिसली, भैया. समोरच्या माणसाकडे नीट लक्ष असणं. यासाठी शिक्षण, पैसा, पद काहीच लागत नाही, तरी किती थोड्या लोकांकडे ते असतं! मी मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं पाहिली आहेत, त्यांना पाच मिनिटंही ते जमत नाही.

मग उदयगिरी. तुमच्या त्या प्रश्नाने अण्णांचा आवाज बदलला. वर्गातला आवाज होता तो, मी तो कित्येक वर्षांनी ऐकला. "पाँव कहाँ है?" "एक ज़मीन पर, एक साँप की कुंडली पर." "बराबर. पृथ्वी?" तुम्हाला आधी ती सापडेना. मग ओरडलात, "अरे, दाँत से लटकी है!" मागच्या ऋषींच्या रांगा, पाण्याच्या लाटा, बाजूच्या भिंतीवर मकरावरची गंगा आणि कासवावरची यमुना, एकेक अण्णा विचारत गेले आणि तुम्ही शोधत गेलात. जे दिसलं नाही ते "नहीं दिख रहा, बाबूजी, यहाँ घिस गया है" असं सरळ सांगितलंत. अण्णांना खूश करायला म्हणून एकदाही होकार दिला नाहीत. त्याचं मोल मला फार आहे, कारण आंधळ्या माणसाला खोटं सांगणं सगळ्यात सोपं असतं. शेजारच्या लेण्यातला दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळातला लेख, गुप्त संवत् 82, म्हणजे सन 401-02, तोही अण्णांनी तुम्हाला दगडावर नेमका कुठे आहे ते सांगून शोधायला लावला. तरुणपणी पाहिलेली जागा त्यांच्या मनात जशीच्या तशी होती.

परतीच्या वाटेवर तुम्ही विचारलंत, "कल साँची में बाबूजी को क्या अच्छा लगा?" मी गप्प. अण्णांनीच सांगितलं, "मी वर गेलोच नाही." तुम्ही यावर एक शब्द बोलला नाहीत. ऑटो सांचीच्या रस्त्याला लावलीत.

तिथे स्तूपाच्या दक्षिण तोरणापाशी, म्हणजे दगडी प्रवेशद्वारापाशी, जे झालं ते मी विसरणार नाही. अण्णांनी आधी अशोकाच्या खांबाचा तुटका बुंधा विचारला. जवळच्या एका जमीनदाराने ऊस गाळायच्या चरकासाठी तो तोडला अशी गोष्ट आहे, ती ऐकून तुम्ही कपाळावर हात मारलात. मग वरचा सातवाहन राजा सातकर्णीच्या काळातला लेख आला, त्याच्या कारागिरांच्या मुकादमाचा, आनंदाचा. सातवाहन आपल्या पैठणचे, त्यामुळे तिथे अण्णांना जरा जास्तच उत्साह. आणि मग ते म्हणाले, याच तोरणाच्या खांबावर आणखी एक लेख आहे, "वेदिसकेहि दंतकारेहि". विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे रूपकाम केलं.

"हमारे विदिशा वालों ने?"

"तुम्हारे विदिशा वालों ने."

भैया, तुम्ही पुढे होऊन ते कोरीवकाम कितीतरी वेळ पाहत राहिलात. जन्म इथे गेला, सवाऱ्या घेऊन किती वेळा आलो, कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणालात. मग म्हणालात, "तभी इतना बारीक है." अण्णांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान होतं त्याला माझ्याकडे शब्द नाहीत. त्यांना पुन्हा एक विद्यार्थी मिळाला होता.

पूर्वेच्या तोरणावरचा बुद्धाच्या गृहत्यागाचा प्रसंग तर तुम्हीच त्यांना दाखवलात. घोडा आहे, वर छत्र आहे, बसलेलं कुणी नाही, पुन्हा घोडा, पुन्हा घोडा, शेवटी नुसती पावलं आणि छत्र पावलांवर. परतणाऱ्या घोड्यावर आता छत्र नाही, हे अण्णांनी विचारायच्या आधी तुमच्या लक्षात आलं. तिथे बुद्धाची आकृती कुठेच कोरलेली नाही, तरी तो कुठे आहे ते तुम्ही बरोबर ओळखलंत. अण्णा म्हणाले, "इसको कहते हैं देखना."

स्तूपाच्या कठड्यावर ज्यांनी दान दिलं त्यांची नावं कोरली आहेत, राजांची नव्हे, बहुतेक साध्या माणसांची. भिक्षुणी, व्यापारी, विणकर, कुणाची आई, कुणाची बायको. एक दगड दिला तरी नाव राहिलं. मलाही तुमचं नाव इथे लिहायचं होतं, पण निघताना तुम्ही "नाम-वाम मत लिखना, दीदी" म्हणालात, म्हणून लिहीत नाही. भाडं तुम्ही ठरलं होतं तेवढंच घेतलंत, सांचीच्या फेरीचं वेगळं. ते घेतलंत याचंही मला बरं वाटलं, उपकाराचं ओझं तुम्ही आमच्यावर ठेवलं नाहीत.

घरी आल्यापासून अण्णा रोज कुणाला ना कुणाला फोन करून ही सहल सांगतात. शेजारच्या मुलांना वराह शिकवून झाला. परवा त्यांनी मला ग्यारसपूरचं मालादेवीचं मंदिर विदिशेहून किती लांब आहे ते काढायला सांगितलं, म्हणजे बेत काय आहे ते तुम्ही ओळखालच. ऑटोने तेवढं लांब जमेल का ते तुम्हीच सांगा.

त्याआधी तुम्ही वहिनींना आणि मुलांना घेऊन ग्वाल्हेरला या. उतरायचं आमच्याकडेच, लष्कर भागात, दुसरीकडे जायचं नाही. सोमवारी गुजरी महाल बंद असतो, तेवढा वार सोडून कुठलाही दिवस चालेल. ग्यारसपूरची ती शालभंजिका, म्हणजे झाडाखाली उभ्या स्त्रीची मूर्ती, तिथेच ठेवलेली आहे, आणि बेसनगरचे दगडही. अण्णांनी विचारायचे प्रश्न आत्तापासून काढून ठेवले आहेत.

तुमची,
ग्वाल्हेरची दीदी