जुना संगणक भंगारात काढण्याआधी

प्रति, संपादक

महोदय,

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार, म्हणजे नेहमीची सुरक्षेची डागडुजी, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून 'जुना संगणक बदलून टाका' असा सल्ला जो तो देतो आहे. आपल्या पुरवणीतही तो वाचला. आमच्या छापखान्यात तर अजून विंडोज ७ आहे, आणि ते हौसेपोटी ठेवलेले नाही. लहान गावांतल्या कितीतरी छापखान्यांत आजही पाने जुळवायचे पेजमेकर हे सॉफ्टवेअर आणि त्याच्या काळातले मराठी फाँट चालतात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोडचा, म्हणजे सगळ्या यंत्रांवर अक्षरे सारखीच दिसण्याच्या आजच्या पद्धतीचा, गंध नाही. पावतीपुस्तके, लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, सगळ्या फायली त्या फाँटमध्ये अडकलेल्या. फाँट नसलेल्या यंत्रावर त्या उघडा, 'श्री'च्या जागी कंस आणि स्वल्पविराम दिसतील. शिवाय फाँटच्या परवान्याचा डोंगल (संगणकाला लावायची किल्लीवजा वस्तू) नव्या विंडोजला ओळखू येईलच, याची खात्री कोण देणार?

छपाईला हा संगणक पुरून उरतो. घोडे अडते ते ब्राउझरपाशी. गिऱ्हाईक मजकूर ईमेलने पाठवते, जीएसटीचे विवरण ऑनलाइन, वीजबिलही ऑनलाइन. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आली आणि आमच्यासाठी दार बंद झाले. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझरही १०९ वरच थांबला. वापरण्याजोगा उरला फायरफॉक्स, तोसुद्धा नेहमीचा नव्हे, तर ११५ क्रमांकाची 'ईएसआर' म्हणजे दीर्घ मुदतीची आवृत्ती. ती बंद करण्याची तारीख फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. नव्या सोयी त्यात येत नाहीत, पण सुरक्षेची डागडुजी मिळत राहिली, आणि आमच्यासारख्यांना तेवढेच हवे असते.

मात्र '११५ आहे ना, मग झाले' असे म्हणून भागत नाही. अपडेट बंद करून ठेवायची आपल्याकडे खोड आहे. फायरफॉक्समधले एक मूळ प्रमाणपत्र (ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या जादा सोयी, खऱ्या आहेत का हे पडताळणारे) १४ मार्च २०२५ ला संपले, त्यामुळे ११५.१३ च्या आधीच्या आवृत्तीत ॲड-ऑन बंद पडू शकतात. विंडोज ७ च्याही आधीच्या विंडोज एक्सपीवाल्यांचे हाल याहून वाईट. त्यांच्यासाठीचा शेवटचा फायरफॉक्स ५२ ईएसआर, आणि त्याचीही डागडुजी २०१८ मध्ये थांबली. सुपरमियम, मायपाल असे हौशी मंडळींनी तयार केलेले ब्राउझर एक्सपीवर चालतात. बातम्या वाचायला ठीक, पण बँकेचा पासवर्ड मी त्यांत घालणार नाही. खरे तर विंडोज ७ वरही घालू नये. ब्राउझर कितीही ताजा असला तरी खालच्या विंडोजची भोके सर्वसामान्यांसाठी जानेवारी २०२० नंतर कोणी बुजवलेली नाहीत. बँकेचे काम मोबाइलवर करावे. घरच्या संगणकाची गोष्ट वेगळी. तो ६४ बिटचा असेल आणि चार जीबी रॅम असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकावी, आजचा फायरफॉक्स मिळतो. आम्हाला पेजमेकर सोडता येत नाही, म्हणून आम्ही अडकलो.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण यात लोकांचे पैसे जातात. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. तो संपला की संगणकाची वीज बंद करताच घड्याळ मागे जाते आणि तारीख २००९ किंवा तशीच काहीतरी होते. मग संकेतस्थळांची ओळख पटवणारी, ठरावीक मुदतीची प्रमाणपत्रे ब्राउझरला भविष्यातली वाटतात आणि जिथे जाल तिथे 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येतो. गिऱ्हाइकाला वाटते ब्राउझर गेला, दुरुस्तीवाला म्हणतो संगणकच गेला. आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा. सेल किरकोळ पैशात मिळतो.

आता माझी खरी तक्रार. बँकेने किंवा सरकारी संकेतस्थळाने जुने, कच्चे कूटलेखन (माहिती गुप्त करून पाठवण्याची पद्धत) नाकारले तर ते योग्यच आहे, त्यावर भांडण नाही. पण कित्येक संकेतस्थळे ब्राउझरचे नाव आणि क्रमांक पाहूनच 'अद्ययावत करा' म्हणून परत पाठवतात, पान उघडू शकते की नाही हे तपासतही नाहीत. गंमत म्हणजे एके काळी हीच मंडळी इंटरनेट एक्सप्लोररवाचून कोणाला आत घेत नव्हती! तो मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये निवृत्त केला. निकाल पाहायला आसनक्रमांकाची एक चौकट आणि एक बटण पुरते. त्यामागे सरकती छायाचित्रे, आपोआप चालणारे व्हिडिओ आणि ढीगभर जावास्क्रिप्ट (पानात चालणारे प्रोग्राम) कशासाठी? ग्रामपंचायत, वाचनालय, शाळा अशा ठिकाणी अजून जुनीच यंत्रे आहेत. सार्वजनिक सेवेच्या प्रत्येक संकेतस्थळाने एक साधे पान ठेवावे आणि कोणत्या आवृत्तीपर्यंत ते चालेल, हे पहिल्याच पानावर मराठीत लिहावे.

आणि आपल्या पुरवणीला विनंती: पुढच्या वेळी 'बदला' असे छापताना त्याखाली दोन ओळी जादा द्याव्यात. फायरफॉक्समध्ये उजवीकडच्या तीन आडव्या रेघा, त्यात मदत, त्यात 'फायरफॉक्सविषयी'. आवृत्ती तिथे कळते, आणि अपडेट बाकी असेल तर तेही तिथेच मिळते.

आपला,
एक छापखानाचालक, कराड