कृतज्ञतेला कचऱ्याच्या डब्यापासून सुरुवात व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेले काही आठवडे रोजच्या जगण्यातील कृतज्ञता आणि अध्यात्म या विषयावर वाचकांची मनोगते प्रसिद्ध होत आहेत. आईवडील, गुरुजन, निसर्ग आणि ईश्वर यांच्या ऋणाविषयी अनेकांनी मनापासून लिहिले आहे. मी स्वतः रोज सायंकाळी हरिपाठ म्हणणारी आहे, त्यामुळे त्यांतील भावना मला परकी नाही. तरीही रोज सकाळी आपल्या दारातून कचरा नेणाऱ्या स्त्रीचा उल्लेख यांपैकी एकाही मनोगतात आढळला नाही, याची खंत वाटली म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पुण्यात हे काम प्रामुख्याने कचरावेचक महिला करतात. उकिरड्यावर कागद आणि काच वेचून पोट भरणाऱ्या, समाजाच्या अगदी तळाशी ढकलल्या गेलेल्या या स्त्रिया १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या रूपाने संघटित झाल्या. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांचे त्यांना पाठबळ लाभले. पुढे २००८ मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला आणि घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. आपण दिलेला डबा त्या आपल्या हाताने निवडतात, सुक्यातले विकण्याजोगे बाजूला काढतात आणि त्या भंगाराच्या विक्रीवर त्यांच्या घरखर्चाचा मोठा भाग चालतो.

‘हाताने निवडतात’ यावर थोडे थांबून विचार व्हावा, अशी माझी विनंती आहे. आमच्या सोसायटीत येणाऱ्या ताईंच्या तळहातावर काचेने कापल्याचे व्रण आहेत. फुटलेला ग्लास, दाढीचे पाते, मधुमेहाच्या रुग्णाची इन्सुलिनची सुई, लहान मुलाचे डायपर, वापरलेले सॅनिटरी पॅड हे सारे शिळ्या भाजीत मिसळून एकाच पिशवीत बांधले जाते आणि दुसऱ्या एका बाईला ते बोटांनी वेगळे करावे लागते. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार कचरा घरातच वेगळा करणे आणि सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून देणे हे आपले कर्तव्य ठरवले गेले. असे पुडके न उघडताच ओळखू यावे म्हणून त्यावर लाल ठिपका काढावा, असे आवाहन ‘स्वच्छ’ने कितीतरी वेळा केले आहे. कागदाचा एक तुकडा आणि लाल पेन एवढ्यानेच भागणारे हे काम आहे. तेवढेही आपल्याकडून होत नसेल, तर त्याच सकाळी देवापुढे हात जोडून मानलेल्या आभारांना फारसा अर्थ उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. शेणगाव येथे १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा, गावात पाऊल टाकताच खराटा घेऊन रस्ते झाडायला लागत आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. पंढरपूरला आलेल्या वारकऱ्यांची निवाऱ्यावाचून आबाळ होऊ नये म्हणून त्यांनी धर्मशाळा बांधल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत आजही बाहेरगावचे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आसरा घेतात. बाबांनी झाडणे आणि भजन ही दोन कामे कधी वेगळी मानली नाहीत. त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान राज्यात झाले, ते योग्यच झाले. परंतु अभियान आणि बक्षिसे यांपलीकडे, आपली घाण उचलणाऱ्या माणसावर प्रेम करणे ही त्यांची शिकवण घराघरांत पोहोचलेली दिसत नाही.

प्रेम हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरते आहे. दिवाळीला फराळाचे ताट देणे चांगलेच, पण दरमहा ठरलेले सेवाशुल्क न मागता वेळेवर देणे, भर उन्हात आलेल्या ताईंना पाणी विचारणे, त्यांना लिफ्ट वापरू देणे आणि त्यांचे नाव ठाऊक असणे हे वर्षभर चालणारे प्रेम आहे. काही सोसायट्यांमध्ये लिफ्टला आजही मज्जाव केला जातो, हे लिहितानाही वेदना होतात.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीतील या मालिकेत कचरावेचक महिलांचीही मनोगते त्यांच्याच शब्दांत प्रसिद्ध करावीत, आणि काच, सुया व सॅनिटरी कचरा कसा बांधून द्यावा याची सचित्र माहिती त्याच पानावर छापावी, ही नम्र विनंती. आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर ते पान लावण्याची जबाबदारी मी घेते.

आपली विश्वासू,
एक ज्येष्ठ वाचक, पुणे