लाल दिवा

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू अगदी रडकुंडीला आली होतीस. लाल प्रकाश कितीही झगझगीत केला तरी सोडियममधून इलेक्ट्रॉन का सुटत नाही, हा तुझा प्रश्न. तेव्हा मला धड सांगता आलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं, अरे, हे तर आपण कित्येक वर्षं हातांनी करत होतो!

अप्पांच्या स्टुडिओतली डार्करूम तू पाहिली नाहीस. जिन्याखालची खोली, हायपो या फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा आंबूस वास आणि लाल रंग फासलेला झीरोचा बल्ब. त्या उजेडात ब्रोमाइड पेपर, म्हणजे फोटो छापायचा कागद, उघडा टाकून मी चहा पिऊन यायचो. पेपरला ढिम्म काही होत नसे. एकदा मात्र बल्बच्या रंगाचा टवका उडाला. नखाएवढाच. माझ्या लक्षात आलं नाही. ट्रेमध्ये टाकलेला एकेक पेपर काळा पडत गेला, आणि अप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

लाल उजेड खोलीभर, पांढरा चिमूटभर. तरी घात केला तो चिमूटभरानेच. कारण पांढऱ्यात निळा असतो.

प्रकाश पुड्यांनी येतो; एका पुडीला फोटॉन म्हणतात. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भाग, की एका पुडीतली ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्ट या छोट्या एककात मिळते. लाल, ६५० नॅनोमीटर: १.९. निळा, ४५०: २.७५. सोडियममधून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला साधारण २.३ लागतात. एका इलेक्ट्रॉनला एकच फोटॉन भेटतो. दोन लाल फोटॉन वर्गणी काढून त्याला सोडवत नाहीत. (प्रचंड तीव्र लेसरची गोष्ट वेगळी, ती आत्ता सोड.) निळ्याचे उरलेले ०.४५ घेऊन इलेक्ट्रॉन पळतो.

मग प्रखरपणा कशाला? एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडणाऱ्या दिव्याखाली, दहाऐवजी वीस सेकंद दिले की फोटो काळपट यायचा. फोटॉन जास्त पडले, एवढंच. दिवा प्रखर केला तरी तेच होतं: पुड्या वाढतात, पुडी मोठी होत नाही. परीक्षेत डार्करूम लिहू नकोस हं. पेपरमधला इलेक्ट्रॉन ब्रोमाइडच्या कणातच राहतो, सोडियममधला धातूबाहेर पडतो.

आइन्स्टाइनने हे १९०५ मध्ये मांडलं, आणि १९२१ चं नोबेल त्याला यासाठीच मिळालं, सापेक्षतेसाठी नव्हे. मला मात्र मिलिकन हा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जास्त आवडतो. त्याला हे पटतच नव्हतं. खोटं पाडायला म्हणून वर्षानुवर्षं प्रयोग केले, आणि १९१६ मध्ये प्रकाशाची वारंवारता आणि इलेक्ट्रॉनची ऊर्जा यांचा आलेख निघाला आइन्स्टाइन म्हणाला होता तसाच, सरळ रेषेत. बिचाऱ्याने तो तसाच छापला.

आता वही काढ. जस्ताला ४.३ लागतात. २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकला तर इलेक्ट्रॉनकडे जास्तीत जास्त किती उरतील? रविवारी फोनवर सांग. आई विचारतेय, स्वेटर पोचला का.

तुझा,
बाबा