आवाज ब्रेकचा, बिल बेअरिंगचं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
अधिकृत सर्व्हिस सेंटर, नागपूर

विषय: समोरच्या डाव्या चाकाच्या आवाजाचं चुकीचं निदान आणि ५,७१० रुपये परत मिळण्याबाबत.

महोदय,

माझी गाडी पाच वर्षांपासून तुमच्याकडेच सर्व्हिसिंगला येते. आजवर तक्रार करायची वेळ आली नव्हती, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात समोरच्या डाव्या चाकातून बारीक, चिरका आवाज यायला लागला. चाकाच्या फेऱ्याबरोबर च्यूंई, च्यूंई. गाडी हळू केली की तोही हळू. सीताबर्डीच्या गर्दीतून जाताना लोक वळून बघायचे. ब्रेकवर पाय ठेवला की मात्र आवाज बंद, पाय उचलला की पुन्हा सुरू. हे मी पहिल्याच दिवशी तुमच्या अॅडव्हायझरना दोनदा सांगितलं. जॉब कार्डवर उतरलं ते एवढंच: 'फ्रंट लेफ्ट नॉइज'.

त्यांनी टेस्ट ड्राइव्ह घेतली ती काचा बंद, एसी फुल आणि पंखा चारवर. आवाज ऐकू आला नाही, यात नवल ते काय? मी काच खाली करायला लावल्यावर ऐकू आला. मग उत्तर मिळालं, "मॅडम, रात्रीच्या दमटपणाने ब्रेकच्या डिस्कवर, म्हणजे चाकामागच्या चकतीवर, गंज धरतो, त्याचा आवाज आहे." पावसाळ्यात असं होतं हे मलाही माहीत आहे, आणि दोन-चार ब्रेक मारले की तो गंज निघूनही जातो. पण मे महिन्यात, नागपुरात, दमटपणा? आमच्याकडे धुतलेली चादर अर्ध्या तासात पापडासारखी कडक होते. तरीही 'ब्रेक क्लीनिंग'चे ८५० रुपये भरले. तुमच्या तपासणी तक्त्यावर लिहिलं आहे: समोरचे ब्रेक पॅड ७ मि.मी. जाड, ठीक.

आवाज गेला नाही. आठ दिवसांनी पुन्हा आले, तेव्हा 'बेअरिंग गेलंय' असं निदान झालं. मजुरीसकट ४,८६० रुपये. जुनं बेअरिंग मागितलं तर 'स्क्रॅपमध्ये गेलं' म्हणाले. गाडी घेऊन निघाले आणि छत्रपती चौकाच्या सिग्नलला पोचायच्या आतच च्यूंई, च्यूंई. फोन केला तर आता दोन्ही डिस्क बदलायचा सल्ला!

शेवटी जयताळा रोडवरच्या एका साध्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मेकॅनिकने गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "ताई, ब्रेक दाबला का आवाज थांबते का?" हो म्हटल्यावर त्याने जॅक लावला, चाक काढलं, पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर उचलला आणि आतलं पॅड माझ्या हातात दिलं. जेमतेम २ मि.मी. उरलं होतं. पॅड संपत आलं की डिस्कला टेकून ओरडावी म्हणून कंपनीच त्याला एक पातळ पत्र्याची पट्टी लावून देते. तिचं टोक घासून आरशासारखं चमकत होतं. ब्रेक दाबला की पॅड डिस्कवर घट्ट बसतं आणि पट्टीची थरथर थांबते, म्हणून आवाज बंद व्हायचा. बाहेरचं पॅड मात्र चांगलं जाड होतं. कॅलिपरच्या एका पिनचं रबर फाटून आत धूळ गेली होती आणि पिन जाम झाली होती. कॅलिपर सरकत नसल्यामुळे सगळा दाब आतल्या पॅडवर येत होता. पिना साफ करून ग्रीस लावलं, रबर आणि पॅड नवे टाकले. दीड तासात काम झालं, त्यातली वीस मिनिटं चहाची. तेव्हापासून गाडी चूप आहे.

तुमचं ७ मि.मी. कुठून आलं हे आता कळलं. चाक न काढता बाहेरूनच पॅड बघितलं. तेवढी चूक मी एकवेळ समजून घेतली असती. बेअरिंगचा आवाज घुमल्यासारखा असतो, तो ब्रेकवर पाय ठेवून असा चटकन बंद होत नाही, हे तुमच्या माणसांना मी सांगायला नको होतं. पण तेही सोडा.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. समोरचं बेअरिंग काढायचं तर आधी कॅलिपर आणि डिस्क उतरवावी लागते. म्हणजे १२ मे रोजी तेच झिजलेलं पॅड तुमच्या मेकॅनिकच्या हातात होतं. ते बघूनही त्याने तसंच परत बसवलं? की कॅलिपर उतरलाच नाही, आणि बेअरिंग फक्त बिलावर बदललं? तिसरी शक्यता मला तरी दिसत नाही. मी रोज मुलीला शाळेत सोडते, त्या गाडीच्या ब्रेकबद्दल विचारते आहे.

५,७१० रुपये परत करावेत आणि वरच्या प्रश्नाचं लेखी उत्तर द्यावं, त्या दिवशीच्या पार्ट्सच्या नोंदीसह. पंधरा दिवस वाट बघेन. त्यानंतर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, याची चौकशी मी करून ठेवली आहे.

दोन्ही बिलं, जॉब कार्ड आणि तपासणी तक्त्याच्या प्रती जोडल्या आहेत. जुनी पॅड माझ्याकडे आहेत. बघायची असतील तर घेऊन येईन, पण तुमच्याकडे ठेवणार नाही.

कळावे,
आपली ग्राहक,
त्रिमूर्ती नगर, नागपूर