वायरिंगवाल्या काकांना, एलईडी इंडिकेटरबद्दल

काका,

सप्रेम नमस्कार.

बाइकला एलईडी इंडिकेटर लावले आणि ते भराभर लुकलुकायला लागले, की बहुतेक जण थेट दिव्यालाच दोष देतात. तुम्ही दिव्याला हात न लावता आधी करंटचा हिशेब मांडायला लावता. आम्हाला तो समजावून दिल्याबद्दल मनापासून आभार. तो इथे लिहून ठेवतोय, म्हणजे पुढचा माणूस चांगले दिवे परत करायला धावणार नाही.

10 वॅटचा साधा बल्ब 12 व्होल्टला 0.83 अँपिअर ओढतो, म्हणजे एका बाजूचे दोन मिळून 1.7 च्या आसपास. त्यांच्या जागी दोन एलईडी आले की तोच आकडा 0.2-0.3 वर येतो. जुना फ्लॅशर, म्हणजे दिवे लुकलुकवणारी डबी, या करंटवरच चालतो. करंट घटला की एक बल्ब गेला असं समजून तो वेग वाढवतो, म्हणजे चालकाला इशारा देण्याचं आपलं काम तो चोख करत असतो. आतली धातूची पट्टी तापून सुटणारा जुन्या पद्धतीचा फ्लॅशर असेल तर पट्टी पुरेशी तापतच नाही आणि दिवा नुसता पेटून राहतो.

यावर रेझिस्टर, म्हणजे करंट ओढून नुसता तापणारा भाग, लावून करंट वाढवायची घाई करू नका, हे तुमचं म्हणणं पूर्ण पटलं. 21 वॅटच्या बल्बची बरोबरी करायला प्रत्येक दिव्याला समांतर 6.8 ओहम, 50 वॅटचा रेझिस्टर लागतो. इंजिन चालू असताना व्होल्टेज 14 असतं, तेव्हा दिवा पेटलेल्या क्षणी त्या रेझिस्टरमध्ये जवळजवळ 29 वॅट जळतात. तो प्लॅस्टिकला किंवा तारांच्या जुडग्याला टेकला तर ते वितळणारच. शिवाय वाचवलेली सगळी वीज उष्णतेत गेली. त्यापेक्षा लोड, म्हणजे दिवे किती करंट ओढतात ते, न बघणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवावा. तीन पिनांचा असेल तर बी म्हणजे इग्निशननंतरचा 12 व्होल्ट, एल म्हणजे स्विचकडे जाणारी तार आणि ई म्हणजे अर्थ. पिनांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो, म्हणून जागा बघून नव्हे, अक्षर बघून आणि मल्टीमीटर लावून जोडायचं. ज्या गाड्यांत वेगळा फ्लॅशर नसून ते काम कंट्रोल युनिटच करतं, तिथे मात्र रेझिस्टरला पर्याय नसतो. तो धातूच्या पट्टीवर, तारांपासून लांब, स्क्रूने आवळून बसवायचा.

सर्वांत जास्त आभार मीटरवर डाव्या-उजव्याला मिळून असलेल्या एकाच बाणाच्या दिव्यासाठी. फ्लॅशर बदलला, आता डावीकडचा स्विच दाबला तर चारही दिवे लुकलुकतात! इथे भलेभले अडकतात. त्या बाणाच्या बल्बचं एक टोक डाव्या तारेला आणि दुसरं उजव्या तारेला असतं, त्याला स्वतःची अर्थ नसते. डावी बाजू चालू असताना तो उजवीकडच्या बल्बांच्या फिलामेंटमधून अर्थ घेतो. फिलामेंटला एवढा करंट जाणवतही नाही, एलईडी मात्र तेवढ्यावर पेटतात. उपाय म्हणजे 1एन4007 चे दोन डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग. दोन्ही तारा बल्बपासून सोडवायच्या. एक डायोड डाव्या तारेला, एक उजव्या तारेला, दोघांची रंगीत पट्टी असलेली टोकं एकत्र करून बल्बच्या एका टोकाला, आणि बल्बचं दुसरं टोक अर्थला. डायोड 1 अँपिअरचा, बाणाचा बल्ब त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी ओढतो. डाव्या-उजव्याला मीटरवर वेगवेगळे दिवे असतील तर यातलं काहीच करावं लागत नाही.

जोडणीतली तुमची शिस्तही सोडलेली नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायची. एका वेळी एकच इंडिकेटर उतरवायचा, म्हणजे शेजारचा बघून जोडता येतं. तारेच्या रंगावर भरवसा ठेवायचा नाही. स्विच चालू केल्यावर मल्टीमीटरचा आकडा ज्या तारेवर वरखाली होतो, ती फीडची, म्हणजे दिव्याला वीज आणणारी. एलईडी उलटा जोडला तर पेटत नाही, तारा अदलाबदल करून बघायच्या. जुन्या इंडिकेटरचा धातूचा दांडा फ्रेममधूनच अर्थ घ्यायचा. नव्याचा दांडा रबराचा असला तर स्वतंत्र अर्थ ओढावीच लागते. नुसतं पीळ घालून टेप गुंडाळायची नाही, बुलेट कनेक्टर नीट क्रिम्प करून, म्हणजे पकडीने दाबून, वर तापवल्यावर आवळणारी श्रिंक ट्यूब चढवायची. सोल्डर केलं तर सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तार कुठे ताणत नाही ना, ते बघतो. मग घड्याळ लावून दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजतो. मिनिटाला 60 ते 120 ही संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतली मर्यादा, 90 च्या जवळ असलेले उत्तम. त्याच नियमांत पुढच्या दोन इंडिकेटरमध्ये किमान 240 मिलिमीटर आणि मागच्यांत 180 मिलिमीटर अंतर सांगितलं आहे. म्हणून दिसायला छान म्हणून नंबर प्लेटला चिकटवलेले बारीक दिवे तुम्ही का नाकारता, तेही आता कळतं. मागून येणाऱ्याला भर उन्हात डावं-उजवं ओळखू आलं पाहिजे.

मीटरमागचे ते दोन डायोड तुम्ही दाखवले नसते, तर हे काम अजून अर्धवटच असतं.

आपले कृतज्ञ,
तुमच्या हाताखाली शिकलेले