बाबांच्या फोनवरचा ओटीपी

कराड,
रविवार, दुपारचे तीन

चि. तुषार,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी फोन तू आपटलास की मी, ते आठवत नाही. बहुतेक मीच. व्हॉट्सॲपवर चारदा लिहायला घेतलं आणि खोडलं. तिथं माझं सगळं हुकूम सोडल्यासारखं होतं, असं आक्की म्हणते. म्हणून कागद घेतला. ऑफिसचे पाठकोरे आहेत, नवे नाहीत, उगाच काही बोलू नकोस. तांबव्याचा मामा मंगळवारी पिंपरीला येतोय, त्याच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि हे पत्र. चटणीचा डबा आधी उघडशील, माहीत आहे.

गुरुवारी तुझा फोन यायच्या आधी इथं काय झालं ते तुला ठाऊक नाही. अडीच वाजता बाबांच्या फोनवर ओटीपी आला. तुझ्या आधारला अजून त्यांचाच नंबर आहे, मी किती वेळा सांगितलं बदल म्हणून. मी ऑफिसात होते. बाबांनी तो वाचला, डाव्या हातानं कालनिर्णयच्या कोपऱ्यात लिहिला आणि फोन मांडीवर घेऊन बसले. त्यांना वाटलं, तू आता फोन करून विचारणार. शेजारच्या काकूंनी चहा आणला तर तोही घेतला नाही, फोन हातातून सुटेल म्हणून. तुझा फोन आला साडेसहाला. तोवर तो आकडा केव्हाच बाद झाला होता. आणि तू म्हणालास, "आई, दुसरा पाठवायला सांगतो त्यांना, आला की पटकन सांग."

त्यांना. म्हणजे कुणाला, हे मी विचारलं आणि मग सगळं झालं.

तू त्या डिग्री मिळवून देतो म्हणणाऱ्या माणसाला पैसे दिलेस का? हे या पत्रात विचारायचं नाही असं ठरवून बसले होते.

राग बाजूला ठेवून, आमच्या कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीत उभ्या असलेल्या कुठल्याही पोराला सांगते तसं सांगते. तो म्हणतो, "तुमची दोन वर्षांची क्रेडिट्स ट्रान्सफर करतो आणि डिसेंबरपर्यंत डिग्री हातात देतो, पासष्ट हजार." यातला क्रेडिट ट्रान्सफर, म्हणजे एका ठिकाणी पास झालेल्या अभ्यासाचं माप दुसरीकडे धरणं, हा शब्द खरा आहे, म्हणूनच माणसं फसतात. नवं शैक्षणिक धोरण २०२० ला आलं, २०२१ ला यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठांचे नियम ठरवणाऱ्या आयोगानं, क्रेडिट बँकेचा नियम काढला. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, आम्ही एबीसी म्हणतो. २०२१-२२ पासून पुढं जे शिकलास आणि पास झालास, ते तिथं जमा होतं आणि सात वर्षं राहतं. तुझी ॲडमिशन नेमकी त्याच वर्षाची. परीक्षा न होता बारावी पास झालेली तुमची बॅच, त्यावरून तू किती दिवस तोंड पाडून होतास, "मला मार्क भीक म्हणून दिलेत" म्हणायचास. बघ, त्या वर्षाचा असा उपयोग झाला.

पण त्याच नियमात दुसरी ओळ आहे, ती तो माणूस वाचून दाखवत नाही. ज्या विद्यापीठाची पदवी घ्यायची, तिथं निदान निम्मी क्रेडिट्स मिळवावी लागतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० धर. निम्मी म्हणजे ६०. वर्षाला साधारण चाळीस होतात. तुझी जुनी सगळी त्यांनी पदरात घेतली तरी नव्या ठिकाणी दीड वर्ष बसावंच लागतं. आणि सगळी घेतीलच असं नाही, किती धरायची ते घेणारं विद्यापीठ विषय बघून ठरवतं. मग डिसेंबरला डिग्री येते कुठून? येते मागच्या तारखेची ॲडमिशन दाखवून. 'सिंगल सिटिंग' म्हणतात त्याला. आमच्याकडे महिन्याला पडताळणीची पत्रं येतात कंपन्यांची: हा विद्यार्थी तुमच्याकडे होता का, या साली पास झाला का. रजिस्टर मीच काढते. गेल्या वर्षी एका पोराचं नाव तिन्ही रजिस्टरांत सापडलं नाही. मी दोनदा बघितलं, मग आणखी एकदा बघितलं. शेवटी टाईप केलं, "आमच्या अभिलेखात सदर नोंद आढळून येत नाही." साहेबांची सही झाली, पत्र गेलं. त्याचं आडनाव अजून लक्षात आहे माझ्या. कुणाच्या तरी आईचाच तो.

झालं माझं लेक्चर. तू चाकणला रात्रपाळी करून येतोस आणि मी तुला नियम वाचून दाखवते. माफ कर. तुझी घाई मला कळत नाही असं नाही. तुझ्या हाताखाली बारकोड मारायला शिकलेला पोरगा तुझा साहेब झाला, कारण त्याच्याकडे एक कागद आहे. हे तू हसत सांगितलंस, पण त्या दिवशी तू जेवला नव्हतास, रूमवरचा समीर बोलला मला. (त्याला काही बोलू नकोस.)

एक लिहू का? २०२३ च्या जुलैत फी भरायची शेवटची तारीख होती आणि बाबा आयसीयूत होते. तू म्हणालास, "आई, एक वर्ष थांबतो, काम करतो." मी म्हणायला हवं होतं, नको. मी त्या कॉलेजच्या ऑफिसात बसते, हप्ते पाडून घेता आले असते, साहेब नाही म्हणाले नसते. पण मला तेव्हा औषधाचं बिल दिसत होतं, आणि तू मोठा दिसत होतास. मी म्हणाले, "बघ बाबा, तुला पटतंय तर." तीन वर्षं झाली त्या वाक्याला. फिजिओथेरपीचे पैसे तू दिलेस, आक्कीची फी तू भरलीस, नानांचे देणे तू फेडलेस आणि घरात कुणाला बोलू दिलं नाहीस. ऑफिसात सगळ्यांना सांगते मी हे, फक्त तुला कधी सांगितलं नाही.

शुक्रवारी रात्री मी स्वतः तुझं डिजिलॉकर उघडायला घेतलं, क्रेडिट्स बघायला. परत ओटीपी बाबांच्या फोनवर. मी म्हटलं, द्या इकडं, मी वाचते. त्यांनी मान हलवली. मीच वाचणार म्हणाले. सहा आकडे. "चार." मग बराच वेळ काही नाही. "चार… नऊ." मग अडकले, तोंडात 'सात' येत होता आणि समोर 'दोन' होता, ते त्यांना कळत होतं म्हणून चिडले. पहिला बाद. दुसरा बाद. तिसऱ्याला मी आकडे टाकत गेले आणि ते डाव्या बोटानं एकेक दाखवत म्हणत गेले, आणि उघडलं. कपाळावर घाम आला होता त्यांच्या. स्पीच थेरपीवाल्या मॅडमकडे एवढं कधी केलं नाही.

आत तुझी तीनच सेमिस्टर दिसतात. चौथं नाही. याची चूक माझ्याच हातची निघाली. तुझ्या नावात बाबांचं नाव विद्यापीठात 'विलासराव' आणि आधारला 'विलास'. त्या वर्षी एबीसीचे आयडी काढायला पोरांची रांग व्हरांड्याबाहेर गेली होती, निम्म्यांचे नंबर आधारला जोडलेले नाहीत, प्राचार्य दर तासाला आकडा विचारायचे, आणि त्या गडबडीत स्वतःच्या पोराचा फॉर्म मी न वाचता पुढं ढकलला. दुसऱ्यांच्या फॉर्मवर लाल पेन फिरवणारी मी. उद्याच दुरुस्तीचा अर्ज लावते. गुणपत्रिका हातात आहेत म्हणजे घाबरायचं कारण नाही.

आता हिशोब. चार सेमिस्टर म्हणजे ऐंशी, त्यातला चौथ्यातला अकाउंट्सचा राहिलेला विषय चारचा सोडला तर ढोबळ ७६. दिल्लीचं इग्नू मुक्त विद्यापीठ एका क्रेडिटमागं तीस तासांचा अभ्यास धरतं. त्या मापानं २,२८० तास झाले. ते तू केलेत. सकाळी सातचं कॉलेज, मग मेडिकलमध्ये पार्टटाइम, मग रात्री त्या वरच्या खोलीत. तुझं आहे ते, आणि तेच तुला कुणी पासष्ट हजाराला विकतंय.

मला सगळ्यात सरळ दिसतो तो रस्ता आपल्याच विद्यापीठाचा. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र आहे, तिथं बी.कॉम.चं तिसरं वर्ष. विद्यापीठ तेच, त्यामुळे क्रेडिट्सला लांबचा प्रवास नाही. तुझा पॅटर्न जुना आणि आता नव्या धोरणाचा, म्हणून समकक्ष विषय कोणते ते लेखी विचारायचं. तोंडी सांगितलेलं ऑफिसात कुणालाच आठवत नसतं, मलाही नाही. ते जमलं नाही तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. वर्षाची फी काही हजारांत, पासष्ट हजारांच्या जवळपासही जात नाही. नुसतं ऑनलाइन हवं असेल तर यूजीसीच्या डेब, म्हणजे दूरशिक्षण विभागाच्या साइटवर मान्यता असलेल्या विद्यापीठांची यादी असते, त्यात नाव आहे का आणि त्याच कोर्सला मान्यता आहे का, दोन्ही बघ. खासगी विद्यापीठांचे आकडे ऐकून मात्र डोळे पांढरे होतील. यूजीसीच्या नियमानं अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, तसं २०२२ ला त्यांनी पुन्हा पत्रक काढून सांगितलंय. तुमच्या एचआरला ते पत्रक दाखव. प्रवेश जुलै-ऑगस्टला आणि परत जानेवारी-फेब्रुवारीला. आणि फ्रँचायझीला यूजीसीची परवानगीच नाही, म्हणजे दुकानाच्या माडीवर 'अधिकृत सेंटर' असा फ्लेक्स लावून बसणारा हा कोण?

त्याला ओटीपी कशाला हवा होता तेही आता कळलं. दूरशिक्षणाला डेब आयडी लागतो, तो तुझ्या एबीसी आयडीवरून निघतो. तो काढायचा असतो आपला आपण, फुकट. त्या माणसाच्या लॅपटॉपवरून नाही. आधार दिलंयस का त्याला? मार्कशीट? ओरिजिनल?

बघ, परत आले तिथंच.

तुला आठवतं का रविवारचं? मी शिपाई होते तेव्हा, मुक्त विद्यापीठाचं बी.ए. चालू होतं. दहावीवर लग्न झालेलं, पूर्वतयारी परीक्षा देऊन आत शिरले होते. रविवारी संपर्क सत्र असायचं आणि तुला कुणाकडे ठेवणार, म्हणून तुला घेऊन जायचे. मागच्या बाकावर तू रंगपेटी घेऊन. पुस्तकाच्या मलपृष्ठावर 'ज्ञानगंगा घरोघरी' असं होतं, तू त्या 'गंगा'ला निळा रंग दिलास आणि त्यात होडी काढलीस, होडीत मी, हातात डबा. सरांनी ते पुस्तक वर्गाला दाखवलं आणि मला एवढी लाज वाटली. घरी येताना तुला रागावले होते मी. पुस्तक आहे अजून, लोखंडी कपाटात, खालच्या खणात. निकाल आला तेव्हा तू चौथीत होतास. त्या एका कागदावर मी खिडकीच्या या बाजूला येऊन बसले. आजी म्हणाली होती, "चाळिशीला टेकून शिकून काय दिवे लावणार?" मी तेहेतीसची होते.

तेव्हा कागदाची किंमत तू मला शिकवू नकोस, आणि मी तुला शिकवत नाही. तीन वर्षांत मला तीन वेळा झोपेतून जाग आलीय ती याच विचारानं, की पहिल्या वर्षाची सात वर्षं २०२९ ला संपतील. रात्री उठून बोटं मोजते. बाबा विचारतात काय झालं, मी म्हणते, डास.

बुधवारी तुझी सुट्टी आहे. सकाळी दहाला फोन कर, मी हाफ डे टाकते. चारही मार्कशीट, टीसी, आणि मायग्रेशन सर्टिफिकेट लागलं तर ते, सगळं मी इथं काढून ठेवते. डेब आयडीचा फॉर्म तू तिकडं उघडायचा, ओटीपी इथं येईल. फोन बाबांच्या हातात राहील आणि आकडे ते सांगतील. मध्येच "आईकडे द्या" म्हणू नकोस. बाद झाला तर परत मागव. आज सकाळपासून ते मोबाईल उलटा धरून एकपासून नऊपर्यंत म्हणतायत, सातला थोडे थांबतात.

डबा परत पाठव, झाकण त्याच डब्याचं पाठव.

तुझी,
आई

ता. क. पैसे दिले असशील तर किती दिले ते सांग. मी रागावणार नाही. (रागावेन, पण सांग.) पावती नसली तरी मेसेज, पेमेंटचा स्क्रीनशॉट, काय असेल ते जपून ठेव, पुसू नकोस.